काचेपलीकडचा बाण

तुषारने माऊसला हातही लावला नव्हता, आणि पडद्यावरचा बाण आपोआप चालायला लागला.

आधी तो डावीकडून उजवीकडे सरळ गेला. मग परत आला. मग गोल गोल फिरला, वरच्या कोपऱ्यात पोचला आणि तिथे थांबला. तासभर खपून लिहिलेली फाईल त्याच्या डोळ्यांदेखत बंद झाली. ती सेव्ह केलेली नव्हती.

तो खुर्चीवरून उठला आणि केबिनच्या काचेतून पलीकडे पाहिलं. पॅकिंग खात्यात, त्याने सकाळीच एका बुटक्या टेबलावर बसवलेल्या दुसऱ्या पडद्यामागे एक मुलगी स्टुलावर बसली होती. निळी ओढणी, कानात लहानशा रिंगा. हातात सुती चिंध्यांचा बोळा घेऊन ती पडदा पुसत होती... अगदी मन लावून.

तुषार दार उघडून बाहेर आला.

"अहो, काय करताय?"

"पुसतेय."

"कशाला?"

"धूळ बसलीय म्हणून." तिने बोळा उलटा करून दाखवला. "बघा, केवढा काळा झाला. नवी वस्तू आणायची आणि सुताच्या खात्यात उघडी ठेवायची. मग बोलणी कोण खाणार? आम्हीच ना?"

"तुम्ही इथे पुसलंत आणि तिथे माझी फाईल बंद झाली."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग केबिनकडे आणि मग मधल्या भिंतीकडे.

"मी इथे, फाईल तिथे, मधे भिंत," ती म्हणाली, "आणि दोष माझा?"

दोष खरंच तिचा नव्हता.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सिल्वासाजवळ मसाटच्या त्या कारखान्यात पॉलिएस्टरचं सूत तयार व्हायचं आणि कागदी कोनांवर गुंडाळलं जायचं. पॅकिंग खात्यातल्या बायका एकेक कोन दिव्याखाली धरून तपासायच्या. चांगला, डाग पडलेला, सूत तुटलेलं, गुंता झालेला... जे असेल ते ओरडून सांगायच्या. शेजारच्या मशीनांच्या आवाजात ते ऐकायचं, उलट ओरडून विचारायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे काम रोहिणीचं, म्हणजे त्या निळ्या ओढणीवालीचं. कोनांचं वजन करणंही तिच्याकडेच. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसलेला असायचा.

यावर उपाय म्हणून शेठने मुंबईहून बोटाने चालणारा पडदा आणला होता. त्यावर रंगीत पट्ट्या एकाखाली एक दिसणार. कोन चांगला असेल तर बाईने हिरवी पट्टी दाबायची, डाग असेल तर तिच्याखालची पिवळी. ओरडायचं नाही, लिहायचं नाही. कॉम्प्युटर मात्र एकच. त्याचा एक पडदा आत केबिनमध्ये मॅनेजरसाठी, दुसरा बाहेर बायकांसाठी. वायर भिंतीतल्या भोकातून आली होती.

कॉम्प्युटरवर तुषारने लिनक्स चढवलं होतं. ही सिस्टिम फुकट मिळायची, पण फुकटच्या वस्तूचं कौतुक करणारं सिल्वासात कोणी नव्हतं. दोन पडदे एकदम चालवणारं व्हर्जन तर अजून पुरतं तयारही नव्हतं. पुण्याच्या सुमितने, तुषारच्या कॉलेजच्या मित्राने, ते सीडीवर घालून कुरियरने पाठवलं होतं. चित्र दोन्ही पडद्यांवर आलं. पण बोट बाहेरच्या पडद्यावर ठेवलं की बाण आतल्या पडद्यावर हलायचा. बाहेरच्या पडद्यावर काहीच व्हायचं नाही.

मॅनेजर रघुनाथभाई सकाळीच येऊन बजावून गेले होते. "तुषारभाई, शनिवारे चार वागे शेठ आवे छे. चालू जोईए. नहीं तो पाछुं मुंबई."

शनिवारी चालला नाही तर पडदा मुंबईला परत. तो सोमवार होता, म्हणजे पाच दिवस हातात होते. त्यानंतर एक डिसेंबरला तुषारला पुण्यात नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. वडील प्रशासनात कारकून म्हणून चिपळूणकडून आले तेव्हापासून, म्हणजे दुसरीपासून तो सिल्वासाच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढला होता. हे इथलं शेवटचं काम. ते नीट करून जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

सोमवारपर्यंत.

मंगळवारी त्याला बाहेर बोट ठेवायला कोणीतरी हवं होतं. एकटा माणूस काचेच्या दोन्ही बाजूंना बसू शकत नाही. रघुनाथभाईंनी हाक मारली, "रोहिणीबेन, जरा मदद करो ने."

तिथे सगळ्या बायका बेन, म्हणजे बहिणी, आणि सगळे पुरुष भाई. कारखाना गुजराती माणसाचा, बायका धुळ्या-नंदुरबारकडच्या, वॉचमन बिहारचा, पण ही रीत सर्वांनी उचललेली. तुषारही सगळ्यांना बेन म्हणायचा. शोभाबेन, लीलाबेन. रोहिणीकडे वळला की मात्र त्याची जीभ अडायची.

"अहो... जरा वरच्या कोपऱ्यात बोट ठेवा."

"ठेवलं."

"आता खाली. सावकाश."

मशीनांच्या आवाजात पुढचं ऐकू जाईना. मग तो काचेतून हाताने खुणा करायला लागला. तीही खुणांनीच विचारायची. हे? की हे? पडद्याची पाठ केबिनकडे होती, त्यामुळे तुषारला पडद्याच्या वरून फक्त तिचा चेहरा दिसायचा आणि बोट दिसायचं नाही. बोटाचा बाण दिसायचा, तो त्याच्यासमोर, त्याच्या पडद्यावर.

दुपारी डबा खाताना तिने विचारलंच.

"तुम्ही शोभाला शोभाबेन म्हणता. माझ्या आईला मंजुळाबेन म्हणता."

"म्हणतो. मग?"

"मला नुसतं अहो. मी काय तुमचं घोडं मारलंय?"

तुषारने भाजीत पोळी बुडवली आणि ती बुडवलेलीच ठेवली. "सवय नाही अजून."

"दोन दिवसांत बाकी सगळ्यांची झाली?"

पलीकडे बसलेल्या मंजुळाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, मान वर न करता म्हटलं, "जेव गं पोरी. जेवू दे त्यालाबी."

बुधवारी सकाळी आठ वाजता तुषार केबिनमध्ये येऊन बसला आणि बाण हलला. वर-खाली, वर-खाली दोनदा. त्याने काचेतून पाहिलं. रोहिणी रजिस्टर उघडत होती, आपलं इकडे लक्षच नाही अशा चेहऱ्याने. त्याने मान हलवली. तिने पान उलटलं... पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

दुपारच्या सुट्टीत तो नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेला आणि सुमितला फोन लावला.

"फाईलमध्ये पडद्याचा नंबर काय घातलास?" सुमितने विचारलं.

"दोन. दुसरा पडदा आहे ना."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अरे बाबा, याचं मोजणं शून्यापासून. पहिला पडदा शून्य, दुसरा एक. तू बाणाला तिसऱ्या पडद्यावर पाठवतोयस. तो नाही सापडला की बिचारा पहिल्यावर येऊन बसतो. दोनचा एक कर, झालं काम."

पाच वाजता पाळी सुटली. बायका गेटवर कार्ड पंच करायला रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा तुषारने दोनचा एक केला, सिस्टिम पुन्हा सुरू केली आणि बाहेर येऊन काचेवर बोट ठेवलं. बाण बोटाखाली आला. बोट नेईल तिकडे आला, कुत्र्याच्या पिलासारखा.

तीन दिवसांचं डोकं एका आकड्यात उतरलं होतं. तो खूश झाला. निदान मिनिटभर तरी.

मग त्याचं लक्ष तिच्या रिकाम्या स्टुलाकडे गेलं. उद्या सकाळी आठ वाजता आपल्या पडद्यावर काही हलणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तो आत गेला. खुर्चीत बसून राहिला. पाच मिनिटं, कदाचित दहा. आणि त्याने एकचा पुन्हा दोन केला.

हे काही शहाणपणाचं नव्हतं. पण चोविसाव्या वर्षी माणसाला वाटतं की एक दिवस मागून घेतला तर काय बिघडतं. पुढे कळतं, की एकेक दिवस असाच मागून घ्यायला हवा होता.

गुरुवारी त्याने चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडला आणि बाहेर येऊन सांगितलं, "आज रेघा तपासायच्या आहेत. काहीही काढा."

"मला तर काही दिसणार नाही."

"मला दिसेल."

"म्हणजे मी आंधळ्यासारखी काढायची आणि तुम्ही बसून हसायचं."

"हसणार नाही."

तो आत जाऊन बसला. पडद्यावर एक रेघ आली, वाकडी. तिच्या शेजारी दुसरी. खाली त्या दोन्ही जुळल्या. मग बाजूला कानासारखं काहीतरी आलं आणि वर तीन नागमोडी रेघा. बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याला कळलं. तो उठला, कॅन्टीनमध्ये गेला आणि दोन कप चहा घेऊन आला.

रोहिणीने कपाकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. "ओळखलंत?"

"कानावरून ओळखलं. आधी वाटलं कोंबडी आहे."

"हसणार नव्हता ना?"

"आत नाही हसलो. आत्ता हसतोय."

तिने चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे," ती म्हणाली, आणि सगळा प्यायली.

शुक्रवारी मात्र रघुनाथभाई केबिनमध्येच ठाण मांडून बसले. उद्या शेठ येणार, अजून पडदा का चालत नाही, हे त्यांनी तीनदा विचारलं. तुषारकडे दुसरं कारण नव्हतं. त्याने दोनचा एक केला. रघुनाथभाई इतके खूश झाले की त्यांनी पॅकिंगमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं, "तुषारभाई बहु होशियार. सोमवारे पूना जाय छे, मोटी कंपनीमां!"

तुषारने काचेतून पाहिलं. रोहिणीने रजिस्टरवरून मान वर केली नाही.

आता एकच काम राहिलं होतं. पडद्याला बोटाची ओळख करून द्यावी लागते. चार कोपऱ्यांत एकेक फुली येते, त्या फुल्यांवर बोट ठेवायचं, मग जे आकडे मिळतात ते फाईलमध्ये लिहायचे. पाळी सुटल्यावर तुषारने ते एकट्यानेच उरकलं. उभ्या उभ्या चार फुल्या दाबल्या, आकडे लिहिले आणि सायकल काढली. मंगळवारचा तुषार असता तर या कामाला त्याने रोहिणीला थांबवून घेतलं असतं. पण तिने दिवसभर इकडे पाहिलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी बाण हलला नाही. तो आता हलणार नव्हताच, तरीही आठ वाजता तुषार पडद्याकडे बघत बसला.

दहा वाजता गोंधळ सुरू झाला.

"ओ भाऊ!" मंजुळाबाईंनी केबिनची काच ठोठावली. "मी हिरवं दाबते, न् हे मेलं पिवळं लागतं. चांगल्या कोनाला डाग दाखवतंय."

तुषार बाहेर आला. उभं राहून हिरवी पट्टी दाबली. हिरवीच लागली. "बरोबर आहे की, मंजुळाबेन."

"मग मी खोटी का?" त्या स्टुलावर बसल्या आणि हिरवी पट्टी दाबली. पिवळी लागली.

शोभाने दाबलं. एकदा हिरवी, एकदा पिवळी. लीलाने दाबलं, पिवळी. तुषारने दाबलं, हिरवी.

"ह्याला मानसं वळखू येतात," मंजुळाबाई म्हणाल्या. "साहेब कोन अन् बाया कोन."

बायका हसल्या. तुषारला हसू आलं नाही. त्याने वायर काढून पुन्हा जोडली, सिस्टिम बंद करून चालू केली, फाईल चारदा वाचली. बारा वाजले, एक वाजला. चार वाजता शेठ येणार आणि बायकांनी दाबलं की पडदा खोटं सांगणार. मग तो मुंबईला परत जाणार आणि ओरडणं पुन्हा सुरू होणार. त्याला वाईट वाटलं ते या दुसऱ्या गोष्टीचं. परवा संध्याकाळी तिचा घसा इतका बसला होता, की 'येते' म्हणालेलं फक्त ओठांवरून कळलं होतं.

रोहिणी आपल्या काट्याजवळ उभी राहून हे सगळं पाहत होती. दोन वाजून गेल्यावर ती आली.

"फुल्या तुम्ही दाबल्यात?"

सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य होतं ते.

"हो. काल संध्याकाळी."

"उभ्याने?"

"हो... का?"

"इकडे या." ती त्याला वजनकाट्याजवळ घेऊन गेली. मोठी गोल तबकडी, मधे सुई. एक कोन ठेवून म्हणाली, "वाचा."

"दोन किलो... शंभर."

"आता माझ्या उंचीवर या. अजून खाली. वाकायला लाज वाटते का? हं, वाचा."

तुषार गुडघ्यांत वाकला. सुई तीच, कोन तोच. "दोन किलो पन्नास."

"नवीन बाई आली की पहिल्या दिवशी इथेच चुकते. सुई पुढे, आकडा मागे. डोळा सुईच्या समोर नसला की आकडा सरकतो. तुमच्या पडद्याची काच पण चित्राच्या पुढे आहे, बोटभर तरी. तुम्ही सहा फुटांवरून बघून फुल्या दाबल्यात. आम्ही बसून दाबतो. आमचं बोट पडद्याला एक घर खाली वाटणारच."

तुषार तसाच वाकलेला राहिला. त्याचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता, आणि एवढ्या जवळून त्याने तिला आधी पाहिलं नव्हतं. तिच्या पापणीवर सुताचा एक बारीक तंतू अडकला होता.

"मग फुल्या तुम्हीच दाबायला हव्यात," तो म्हणाला.

"तेच सांगतेय."

ती स्टुलावर बसली. तुषार आत गेला नाही. शेजारी जमिनीवर उकिडवा बसला आणि मांडीवर वही घेतली. पहिल्या फुलीवर तिने बोट ठेवलं आणि त्याने आकडा लिहून घेतला. दुसरी. तिसरी. चौथ्या फुलीवर बोट ठेवून ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "पुण्याचं मला दुसऱ्याकडून कळलं."

"सांगणार होतो."

"कधी? पुण्याहून?"

"बुधवारपासून सांगायचं होतं. बुधवारीच..." त्याने वहीत बघितलं. "मी एक वाईट काम केलं. पडदा बुधवारीच नीट झाला होता. मी परत बिघडवला."

"माहीत आहे."

तुषारने वर पाहिलं.

"डबा विसरले होते मी टेबलाखाली," रोहिणी म्हणाली. "रांग सोडून परत आले. सवयीने काचेला बोट लावलं, तर बाण माझ्या बोटाखाली. तुम्ही आत बसला होता गालाला हात लावून. मग पडदा काळा झाला, परत आला, आणि बाण गेला तिकडे. तुमच्याकडे." तिने दुसऱ्या हाताने ओढणी सारखी केली. "घरी जाईपर्यंत हसत होते मी. आईने विचारलं, काय झालं म्हणून. गुरुवारी वाटलं, आता बोलतील. शुक्रवारी वाटलं, आता तरी. तर रघुनाथभाई येऊन सांगतात, पूना जाय छे."

चौथ्या फुलीवरून बोट अजून निघालं नव्हतं.

"तुम्हाला बेन नाही म्हटलं," तुषार म्हणाला, "त्याचं कारण..."

"ते पहिल्याच दिवशी कळलं. दुसरं काही असेल तर सांगा."

तुषारने वही मिटली. "मला तुमच्याशी लग्न करायचंय."

मशीनांचा आवाज चालू होता. तिने ऐकलं की नाही, हे त्याला कळेना. मग तिने बोट उचललं.

"आधी आकडे घाला," ती म्हणाली. "दीड तास राहिलाय."

चार वाजता शेठ आले. मंजुळाबाई स्टुलावर बसल्या, कोन दिव्याखाली धरला आणि हिरवी पट्टी दाबली. हिरवीच लागली. डागाचा कोन आला, पिवळी दाबली, पिवळी लागली. शेठने वीस कोन होऊ दिले आणि मान हलवली. रघुनाथभाईंनी घाम पुसला. खात्यात कोणी ओरडत नव्हतं.

बायका गेल्यावर रोहिणी केबिनच्या दारात आली. सहाही दिवसांत ती दाराच्या आत कधी आली नव्हती, आताही आली नाही.

"बाण आता इकडे येणार नाही ना?"

"आणता येईल. एक आकडा बदलला की..."

"नको. बायकांना आता सवय लागेल." तिचा आवाज आज बसलेला नव्हता. त्यामुळे तो त्याला नवाच वाटला. "उद्या रविवार आहे. आमलीत, पाण्याच्या टाकीमागे आमची खोली. या. जे मला सांगितलंत ते आईला सांगा."

"त्या काय म्हणतील?"

"तिला विचारा. मी का सांगू?"

रविवारी तुषार इस्त्रीचा शर्ट घालून आमलीला गेला. घरून निघताना आईवडिलांना सगळं सांगूनच निघाला. वडील म्हणाले, आधी तिच्या घरचं बघ, मग आपलं बोलू. खोली एकच होती, पण नीट लावलेली. तो दारात उभा राहिला. तिथे त्याचं डोकं चौकटीला टेकत होतं.

"बस रे भाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. "उभ्यानं बोलू नको. उभ्यानं तुला सगळं वाकडं दिसतं."

रोहिणी स्टोव्हकडे तोंड करून हसली. तुषार चटईवर बसला.

मंजुळाबाईंनी फार विचारलं नाही. गाव कुठलं, भावंडं किती, पुण्यात राहणार कुठे. मग म्हणाल्या, "हिचा बाप गेला तवा ही दहावीला होती. तवापास्नं हिनं मला एक दिवस एकटं सोडलं नाही. तू तिला पुन्याला नेशील. मंग मी?"

तुषारने याचा विचार केला नव्हता. तो खोटं बोलला नाही. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. आणि यायचं नसेल, तर सहा महिने मीच दर शनिवारी येईन. वापीपर्यंत गाडी आहे. मग ठरवू तिघं मिळून."

मंजुळाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, समोर बसून, सरळ नजरेने. "कॉम्प्युटरमधी दोन दिवस फसवलंस आमाला," त्या म्हणाल्या. "बुधवारी झालेलं शुक्रवारी सांगितलंस. हिनं सांगितलं मला."

"हो."

"परत फसवू नको."

"नाही."

"चा दे गं त्याला," त्या रोहिणीला म्हणाल्या आणि शेजारणीकडे काहीतरी आणायला गेल्या. काय आणायचं होतं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

रोहिणीने कप समोर ठेवला आणि ती चटईच्या दुसऱ्या टोकाला बसली. बाहेर कोणाचा तरी रेडिओ लागला होता. टाकीतून पाणी गळत होतं. दोघांना आठवडाभरात एवढी शांतता मिळाली नव्हती.

"साखर बरोबर आहे?" तिने विचारलं.

"मशीन नाही तर तुमचा आवाज केवढा लहान आहे."

"तुमचा मोठा आहे. हळू बोला, शेजारी ऐकतील." आणि मग... "तुमचा नाही. तुझा."

तुषारने कप खाली ठेवला. हात चटईवर तसाच राहिला. रोहिणीने त्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि एक बोट पुढे करून त्याच्या मनगटावर ठेवलं. पडद्यावर ठेवायची तसंच, सावकाश, न दाबता.

बोट जिथे ठेवलं, तिथेच लागलं.